हप्ता वेळेवर आला, पण कुठून आला?

तुमच्या वहिनींची हकीकत वाचली. मायक्रोफायनान्सचं, म्हणजे गटाच्या हमीवर मिळणारं, ४०,००० रुपयांचं लोन, व्याज २४ टक्के, मुदत दोन वर्षं. गटातल्या एकीचा हप्ता राहिला म्हणून बाकीच्या बायकांना संध्याकाळी साडेसातपर्यंत सेंटरवर, म्हणजे हप्ते गोळा करायच्या जागी, बसवून ठेवलं. त्यावरून तुम्ही विचारलंय की गरिबी हटवायचं नाव घेणाऱ्यांना वसुलीची एवढी घाई कशासाठी, आणि स्वतःचे पैसे बुडू न देता गरिबाचं भलं करणं खरोखर जमतं का.

मी सतरा वर्षं याच कामात आहे. बीड जिल्ह्यात फील्ड ऑफिसर म्हणून लागलो, पुढे शाखा सांभाळली, आता बचत गटांच्या एका संघाचं कर्जाचं काम बघतो. त्यामुळे सेंटरवर पैसे मोजून घेणारा मी होतो, आणि आता हप्ते भरणाऱ्या बायकांच्या बाजूलाही बसतो.

बरेच लोक हा प्रश्न "कंपनीचा नफा की गरिबाचं हित" असा मांडतात. मला तो तसा वाटत नाही. पाऊस दडी मारतो, म्हैस मरते, नवरा गवंडीकामावरून पडून पाय मोडून घेतो. हे नुकसान कोणाला तरी सोसावंच लागतं. कंपनीनं सोसलं नाही तर बाईच्या अंगावर येतं, तिला झेपलं नाही तर गटातल्या बाकीच्या नऊ जणींच्या. जोखीम सांभाळणं म्हणजे बहुतेक वेळा ती दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवणं. म्हणून मी विचारतो की हा भार कोणावर पडतोय आणि तो पेलायची ताकद त्याच्यात आहे का. याचं उत्तर प्रत्येक घरी वेगळं असतं. घरात कमावते हात किती, आधीची लोनं किती, पैसा रोज येतो की हंगामात, यावर ते ठरतं.

आधी व्याजाचं बघू, कारण सगळ्यांचा राग तिथेच असतो. एक फील्ड ऑफिसर साधारण साडेचारशे बायका सांभाळतो असं धरा. त्याचा पगार, गाडीचं पेट्रोल, शाखेचं भाडं आणि हिशोबनीसाच्या पगारातला वाटा मिळून महिना ३०,००० रुपये खर्च धरा. म्हणजे एका बाईमागे वर्षाला ८०० रुपये. ४०,००० चं लोन असेल तर मुदतभरात सरासरी २०,००० च्या आसपास रक्कम बाईकडे राहते, आणि त्यावर ८०० म्हणजे ४ टक्के. लोन १०,००० चं असेल तर सरासरी शिल्लक ५,०००. मीटिंग तीच, पेट्रोल तेच, तेच ८०० रुपये, पण आता ते १६ टक्के झाले. यात अजून भांडवलाचं व्याज धरलेलंच नाही. बँका या संस्थांना साधारण ११ ते १४ टक्क्यांनी पैसे देतात. त्यावर मुख्य कार्यालयाचा खर्च आणि बुडीत धरला की २० ते २२ टक्के सहज होतात. त्याच्या वर जे घेतलं जातं त्याचा जाब विचारायला हवा, आणि तो विचारला गेलाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेनं जादा दर आणि इतर नियमभंगांवरून चार वित्त कंपन्यांना नवीन कर्ज द्यायला मनाई केली होती.

या हिशोबातली एक गोष्ट मला दरापेक्षा जास्त खुपते. लोन जितकं मोठं तितकं ते कंपनीला स्वस्त पडतं. म्हणून वाईट हेतू नसतानाही संस्था हळूहळू ३०,००० वरून ५०,००० वर, तिथून ८०,००० वर जाते. जिला शिलाई मशीन दुरुस्त करायला आणि कापड आणायला ८,००० हवेत, तिच्यासाठी कोणाकडे योजना उरत नाही. मग एकतर ती गरजेपेक्षा चौपट कर्ज घेते, नाहीतर सावकाराकडे जाते. गरिबातला गरीब माणूस या धंद्यातून असा बाहेर पडतो, कोणी त्याला बाहेर काढायची गरज पडत नाही.

आता घाईचं. शंभर रुपयांमागे संस्थेच्या हाती वर्षाला अडीच रुपये उरतात असं समजा. म्हणजे २०,००० शिल्लक असलेल्या एका बाईमागे ५०० रुपये. अशा एका बाईचे २०,००० बुडाले तर चाळीस बायकांची वर्षाची कमाई गेली. त्यात एक सेंटर थांबलं की बातमी बाजाराच्या दिवशी चार गावांत पोचते. २०१६ च्या नोटाबंदीनंतर विदर्भात हेच झालं. हातात चलन नव्हतं म्हणून हप्ते थांबले, पाठोपाठ स्थानिक पुढारी "महिलांची कर्जं माफ होणार" असं सांगत फिरले, आणि ज्यांच्याकडे पैसे होते त्यांनीही भरणं बंद केलं. माफी आली नाही. क्रेडिट ब्युरोत, म्हणजे कोणी कर्ज कसं फेडलं याची नोंद ठेवणाऱ्या संस्थेत, नाव खराब झालं आणि पुढे कुठलीच संस्था अशा बायकांना दारात उभी करेना. थकबाकी साथीसारखी पसरते ही भीती खोटी नाही. त्या भीतीपोटी बायकांना अंधार पडेपर्यंत डांबून ठेवणं मात्र चूक आहे, आणि नियमालाही धरून नाही. त्यावर शेवटी बोलतो.

एकीचा हप्ता सगळ्यांनी भरायचा, ही पद्धत आतून कशी दिसते ते सांगतो. पाटोदा तालुक्यातलं एक सेंटर, समाजमंदिराची फरशी, दहा बायका. हप्ता ११५० रुपये. एकीनं ६०० आणले होते. मी काहीच बोललो नाही, नुसता रजिस्टर उघडं ठेवून बसलो. तेवढंच पुरतं. पाचेक मिनिटं कोणी हललं नाही. मग एकीनं कनवटीचा बटवा सोडला, चौघडी घातलेल्या नोटा उलगडल्या. उरलेले ५५० नऊ जणींत वाटले गेले, प्रत्येकी साठ, आणि वरचे दहा गटप्रमुख मावशींनी घातले. एक जण नोट देताना शेजारणीला हळूच म्हणाली, "पोरीच्या पासाचे होते." वसुली शंभर टक्के झाली. शाखेत माझं कौतुक झालं. त्या मुलीचा एसटीचा पास त्या आठवड्यात निघाला की नाही, हे कुठल्याही रजिस्टरमध्ये नाही.

बांगलादेशात जिथून ही पद्धत जगभर गेली, त्या ग्रामीण बँकेनंही १९९८ च्या महापुरानंतर आपली घडी बदलली. २००१-०२ मध्ये आणलेल्या नव्या रचनेत गट राहिला, पण एकीचं कर्ज दुसरीनं फेडायची सक्ती राहिली नाही. अडचणीत आलेल्या सभासदाला हप्ता लहान करून मुदत वाढवून घ्यायची सोय आली. आपल्याकडे मात्र कागदावर काहीही असलं तरी सेंटरवर अजून बरंच जुनंच चालतं.

मला स्वतःला जाग आली ती एका म्हशीमुळे. २००९ ची गोष्ट. एका ताईंना १५,००० चं लोन मंजूर केलं, घरचे ७,००० घालून त्यांनी म्हैस घेतली. व्यालेली परवडत नव्हती म्हणून गाभण घेतली. दूध सुरू व्हायला अडीच महिने होते आणि आमचा साडेतीनशेचा हप्ता पुढच्याच आठवड्यापासून. त्यांचा एकही हप्ता चुकला नाही. वर्ष संपताना दुसऱ्या लोनसाठी घरी गेलो तर गोठा रिकामा. पहिले दहा हप्ते त्यांनी गावातल्या सावकाराकडून शेकडा पाचनं, म्हणजे वर्षाला साठ टक्क्यांनी, पैसे घेऊन भरले होते. ते फेडायला शेवटी म्हैस विकली. माझ्या कागदावर त्या उत्तम खातेदार होत्या. त्यांचं कर्ज बुडायची जोखीम माझ्यासाठी शून्य होती, कारण ती सगळी त्यांनी एकटीनं उचलली होती.

तेव्हापासून रजिस्टरमध्ये मी एक रकाना वाढवला: हप्ता कुठून आला. कमाईतून, उसने, दुसऱ्या लोनमधून, की काही विकून. बायका पहिल्यांदा सांगत नाहीत. चार महिने प्रत्येक मीटिंगला, ओरडा न करता विचारलं की सांगतात. ज्या सेंटरमध्ये वर्षभर एक रुपया थकला नव्हता, तिथे दर तिसऱ्या-चौथ्या बाईसमोर मला "दुसरं लोन" लिहावं लागलं. थकबाकीचा आकडा आजार शेवटच्या पायरीला दाखवतो, हा रकाना सहा-आठ महिने आधी दाखवतो. पुढच्या लोनची रक्कम मी याच रकान्यावरून ठरवायला लागलो. त्यातून काही बायकांना "या वर्षी नको" असं सांगावं लागलं. काहींना राग आला, काही दुसऱ्या कंपनीकडे गेल्या. पण आमच्याकडचं बुडीत कमी झालं, आणि ते बायकांवर जोर करून झालं नव्हतं.

आंध्रात हा आजार कोणी वेळेवर बघितलाच नाही. एकेका घरात चार-पाच कंपन्यांची लोनं, एकाचा हप्ता दुसऱ्यातून, आणि सगळ्यांची वसुली ९८-९९ टक्के. त्यातली सर्वांत मोठी कंपनी, एसकेएस, २०१० च्या ऑगस्टमध्ये शेअर बाजारात उतरली. ऑक्टोबरमध्ये आत्महत्यांच्या बातम्यांनंतर राज्य सरकारनं वसुलीवर निर्बंध घालणारा अध्यादेश काढला आणि काही आठवड्यांत वसुली कोसळली. त्यानंतर रिझर्व्ह बँकेची मालेगाम समिती आली, २०११ मध्ये मायक्रोफायनान्स कंपन्यांसाठी वेगळे नियम झाले. मार्च २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेनं ते नव्यानं लिहिले. दरावरची मर्यादा काढली, पण घराचं वार्षिक उत्पन्न तीन लाखांपर्यंत असेल तर बिनतारण कर्ज, आणि घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत, अशी अट घातली.

ही पन्नास टक्क्यांची अट चांगली आहे, पण माझ्या मते सैल आहे. महिना १२,००० मिळवणाऱ्या घरातून ६,००० हप्त्यात गेले तर उरलेल्यात किराणा, दवाखाना, शाळा, लाइटबिल बसत नाही. शिवाय "महिन्याचं उत्पन्न" हा आकडा आमच्या भागात फसवा असतो. ऊसतोडीला जाणारं जोडपं घ्या. दिवाळीच्या सुमाराला कोयता, म्हणजे तोडीचं जोडपं, निघतो आणि मार्च-एप्रिलला परततो. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली मजुरी, म्हणजे उचल, निघायच्या आधीच घराच्या कुडाला, लग्नाला किंवा जुन्या देण्याला गेलेली असते. एप्रिल ते जून हाताला काम नाही, पावसाळ्यात खुरपणीची मजुरी. या घराची बारा महिन्यांची सरासरी काढून हप्ता ठरवला की मे महिन्यात तो चुकणारच. आणि उचलीच्या पैशातून तीन हप्ते एकदम आगाऊ आले म्हणून खूश होणाऱ्या मॅनेजरला हे कळत नाही की ती उचलसुद्धा कर्जच आहे, ती अंगमेहनतीनं फेडायची आहे.

म्हणून मी सरासरी बघत नाही, वर्षातला सगळ्यात वाईट महिना बघतो. ओसरीवर बसून विचारतो, "ताई, मागच्या वर्षी किराणा उधार कोणत्या महिन्यात आणला?" उत्पन्न विचारलं की बाई लोन मिळावं म्हणून वाढवून सांगते, उधारीचा महिना मात्र खरा सांगते. त्या महिन्यात जेवढं झेपेल तेवढाच हप्ता, नाहीतर त्या महिन्यात हप्ताच नको. हप्ता किती दिवसांनी यावा यात कर्जदाराच्या सोयीप्रमाणे लवचीकता असावी, असं २०२२ च्या नियमातही आहे. संगणकात सगळ्यांचं एकच वेळापत्रक बसवणं सोपं पडतं म्हणून ते वापरलं जात नाही.

मोकळीक दिली की बुडीत वाढतं, असं अधिकारी म्हणतात. ते पूर्ण चूक नाहीत. कोलकात्यात काही खातेदारांना पहिला हप्ता दोन आठवड्यांऐवजी दोन महिन्यांनी सुरू करून पाहिलं. त्या बायकांनी धंद्यात जास्त पैसे घातले, पुढे त्यांची कमाई वाढली, आणि त्यांच्यात थकबाकीही वाढली. म्हणजे बाईला खरी जोखीम घेऊ दिली तर काही जणी वर जातात आणि काही जणी अडकतात. माझ्यापुरतं उत्तर असं की ज्या घरांचा रकाना दोन वर्षं "कमाईतून" सांगतो त्यांना मोकळीक द्यावी, आणि त्यातून जे बुडेल ते संस्थेनं पचवावं, त्यासाठी आधीच बाजूला रक्कम ठेवावी. हे सगळ्यांना सरसकट देता येत नाही.

मग गरिबी हटते का? हैदराबादच्या १०४ वस्त्यांमध्ये यावर मोठा अभ्यास झाला. अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो हे अर्थतज्ज्ञ त्यात होते. निम्म्या वस्त्यांत मायक्रोफायनान्स आधी गेलं, निम्म्यांत नंतर. सरासरी घराचा खर्च वाढला नाही, बायकांचा घरातला शब्दही वाढलेला दिसला नाही. ज्यांचा धंदा आधीपासून होता त्यांना फायदा झाला, आणि लोकांनी पान-तंबाखूसारख्या गोष्टींवरचा खर्च कमी करून टिकाऊ वस्तू घेतल्या. माझा अनुभव याच्याशी जुळतो. चालत्या दुकानाला लोन दिलं तर ते पळायला लागतं. दवाखान्यासाठी लोन दिलं तर बाई सावकारापासून वाचते, हेही कमी नाही. पण जिच्याकडे धंदा नाही, जमीन नाही, घरात एकच कमावता हात आहे, तिला कर्ज दिल्यानं ती वर येत नाही.

अशा घराला कर्ज देऊ नये, असं मी ठामपणे म्हणतो. त्यांच्यासाठी बांगलादेशात ब्रॅक या स्वयंसेवी संस्थेनं २००२ पासून वेगळी वाट धरली: आधी शेळ्या किंवा गाय फुकट, काही महिने खायला थोडे पैसे, आठवड्याला घरभेट, बचतीची सवय, आणि कर्ज अगदी शेवटी. बंधन या संस्थेनं पश्चिम बंगालमध्ये तेच केलं आणि त्याचा फायदा सात-दहा वर्षांनीही टिकलेला अभ्यासात दिसला. याला अनुदान लागतं, हप्त्यांतून हा खर्च निघत नाही. दान द्यायच्या जागी कर्ज दिलं की माणूसही बुडतो आणि पैसाही.

आता वहिनींचं. पहिली गोष्ट, हप्ता किती आहे ते बघा. ४०,००० रुपये, २४ महिने, २४ टक्के घटत्या शिलकीवर, म्हणजे जेवढं देणं उरलं तेवढ्यावरच, असतील तर महिन्याला साधारण २,११५ येतात. कार्डावर २,४६७ च्या आसपास असेल तर व्याज पूर्ण मुदलावर लावलंय, आणि खरा दर चाळीस टक्क्यांच्या वर जातो. प्रोसेसिंग फी आणि विमा किती कापला तेही बघा. हे सगळं लिहिलेला एक कागद कर्ज देताना द्यावाच लागतो, मिळाला नसेल तर मागून घ्या.

दुसरी, संध्याकाळी सहानंतर आणि सकाळी नऊच्या आधी वसुलीसाठी फोन करणं किंवा दारात येणं नियमानं चालत नाही. धमकी, शिवीगाळ, कर्जदाराच्या नातेवाइकांना त्रास, काहीच चालत नाही. साडेसातपर्यंत बसवलं तो दिवस, वेळ, कोण आलं होतं, हे आजच लिहून ठेवा आणि दहाही जणींच्या सह्या घ्या. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी द्या, त्याचं नाव आणि फोन कार्डावर असतो. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, चौकशीचा फोन १४४४८. हप्ता मात्र बंद करू नका, तक्रार एकीकडे आणि हप्ता एकीकडे चालू ठेवा.

तिसरी, जिचा हप्ता राहिला तिच्याकडे वहिनींना एकदा जाऊन यायला सांगा. आजारपण असेल किंवा मजुरी थांबली असेल तर दोन-तीन हप्ते पुढे ढकलून मागता येतात. दुसऱ्या कंपनीच्या हप्त्यामुळे राहिला असेल तर ते गटात मोकळेपणानं बोलायला हवं, कारण पुढच्या महिन्यातही तेच होणार. आणि गावात उमेद (राज्याचं ग्रामीण जीवनोन्नती अभियान) किंवा माविमचा (महिला आर्थिक विकास महामंडळ) बचत गट असेल तर त्यात बचत सुरू करा. त्या गटाला बँकेचं कर्ज यापेक्षा बरंच कमी व्याजानं मिळतं. मिळायला वेळ लागतो, कागद फार लागतात, पण ते हातात आलं की हे २४ टक्क्यांचं लोन मुदतीआधी फेडून टाकता येतं, आणि त्यावर दंड लावता येत नाही.

कार्डावरचा हप्ता, किती भरून झाले आणि घरात अजून कोणती लोनं आहेत, एवढं कळवा. आत्ता फेडायचं झालं तर नेमकं किती भरावं लागेल त्याचा हिशोब मी करून देतो.